गोणपाटाच्या पडद्याआडची पोत

वय झालं की राग निवतो, असं मला तरुणपणी पुष्कळांनी सांगितलं. माझा निवला नाही. रक्तदाबाची गोळी घेते, दुपारी जरा आडवी होते, नातवंडांवर ओरडत नाही. पण आमच्या दोंडाईच्याच्या घराच्या ओट्यावर मांडी घालून बसलेल्या त्या बायका डोळ्यांपुढे आल्या की आजही माझे कान तापतात. त्यातल्या बहुतेक आता गेल्या. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, जे झालं तेवढंच सांगणार आहे, आणि ते ऐकून कुणाला झोंबलं तर त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. पुढे ओटा, मग एक खोली, मागे दुसरी खोली, की संपलं घर. गाव त्याला पटव्याचं घर म्हणायचं. पटवे म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून, गाठवून देणारे. पण माझे वडील, नाना, एवढ्यावर थांबले नव्हते. तरुणपणी ते उत्तरेकडे कुठल्याशा काचेच्या कारखान्यात राबून आले होते आणि येताना मणी पाडायची विद्या घेऊन आले होते. मागच्या खोलीत पत्र्याचा मोठा दिवा असायचा, त्यात बोटाएवढी जाड वात आणि रॉकेल. पायाखाली भाता. भाता दाबला की नळीतून वारा वातीवर जायचा, आणि उभी पिवळी आग आडवी होऊन तिला निळी जीभ फुटायची. त्या जिभेत काळ्या काचेची कांडी धरायची. काच लोण्यासारखी मऊ झाली की दुसऱ्या हातातल्या, पांढरी माती माखलेल्या तारेवर ती जराशी टेकवायची आणि तार फिरवायची. एक फेर, दोन फेर, झाला मणी. एका तारेवर असे दहा-बारा मणी झाले की तार गरम राखेच्या पाटीत पुरायची. घाई करून मणी उघड्यावर निवू दिला तर तो तासाभरात तडकतो. मायने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही.

भात्याच्या फुसफुशीत मी पाढे पाठ केले. अजूनही शांतता झाली की मला तो आवाज कानात ऐकू येतो. घरात सगळ्याला रॉकेलचा वास असायचा, पांघरुणाला, माझ्या दप्तराला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीलासुद्धा. मिरचीच्या हंगामात तर बाजारातल्या मिरचीचा खकाणा उडून सारं गाव शिंकायचं, आणि शिंक आली की तारेवरचा मणी वाकडा. नाना तो फेकत नसत. म्हणायचे, वाकडाही ओवला जातो. असे वाकडे, रंगीत, बांगडीकाचेचे मणी आम्ही बाजाराच्या दिवशी गोणपाटावर मांडून बसायचो. डोंगराकडच्या भिल्ल आणि पावरा बायका यायच्या, मुठीत मणी घेऊन उन्हात धरायच्या, दाताने चावून बघायच्या, आणि घेतलेली माळ तिथेच उभ्या उभ्या गळ्यात घालायच्या. संध्याकाळी घरी वरण-बट्टी व्हायची आणि बट्टीवर त्या दिवशी तूप असायचं.

पण घराचं नाव होतं ते मायच्या ओवण्यामुळे. काळ्या मण्यांचे दोन सर, मध्ये सोन्याच्या दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे मणी. पोत, आमच्याकडचं मंगळसूत्र, म्हणजे एवढंच. पण ती ओवणं म्हणजे एवढंच नव्हे. दोरा मांडीवर पिळून त्याला मेण लावायचं, टोक सुईसारखं ताठ करायचं, मणी एकाच मापाचे निवडायचे, आणि वाट्यांपाशी अशी गाठ मारायची की त्या छातीवर सरळ बसल्या पाहिजेत, उलट्या होता कामा नयेत. मायच्या हातची पोत दोरा झिजेपर्यंत हलायची नाही. शिंदखेड्यापासून बायका तिच्याकडे यायच्या. आणि यायच्या त्या घाईने यायच्या, कारण आमच्याकडे पोत तुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि वाढलेली पोत पुन्हा गळ्यात पडेपर्यंत बाई अन्नाचा घास घेत नाही. दोऱ्यात हळकुंड बांधून ते गळ्यात घालायचं आणि थेट आमचा ओटा गाठायचा, अशी रीत होती.

मागच्या दिवाळीत माझी नात पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून काचेच्या मण्यांची माळ घेऊन आली. डबीत एक छापील कार्ड होतं. त्यावर माळ करणाऱ्या बाईचं नाव, तिचा हसरा फोटो, ती घरी बसून दिव्यावर मणी कशी करते याच्या चार ओळी. नातीला वाटलं आजीला आनंद होईल. मी माळ बघितली, मणी चांगले होते, पण कार्ड हातात धरून मी इतकी चिडले की पोर बिचारी गोंधळली. आता त्या पुण्याच्या बाईचा यात काय दोष? कार्डावर नाव असावंच. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि त्यासाठी नाना गेले तिथपासून सांगायला हवं.

नाना तीन दिवसांच्या तापाने गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि घरात आम्ही दोघीच उरलो. चौदाव्या दिवशी सकाळी मला जाग आली ती भात्याच्या आवाजाने. क्षणभर वाटलं, नाना. मागच्या खोलीत जाऊन बघते तर माय दिव्यापुढे बसलेली, कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि तारेवर मणी घेत होती. तिने कुणाला विचारलं नव्हतं. इतकी वर्षं ती नानांच्या मागे बसून दोरा पिळता पिळता नुसती बघत आली होती, आणि तेवढ्यावर तिने जो मणी पाडला तो नानांच्या मण्याहून बारीक आणि गोल होता. हे मी लेक म्हणून सांगत नाही. हस्तीमल शेठ, ज्यांचं बाजारात कटलरीचं दुकान होतं आणि जे आमचे काळे मणी ठोकात घ्यायचे, ते भिंग लावून मणी बघायचे. त्यांनी मूठभर मणी तळहातावर फिरवले आणि म्हणाले, "अक्का, हा तो नानांपेक्षा सफाईदार हात आहे."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, खाली बघून बोलला. "अक्का, मणीला काय बाध नाय. मणी अग्नीतून निघतो, अग्नी सगळा शुद्ध करतो. पण पोत ओवायची म्हणजे धागा आला. धाग्याला अग्नी नाय. सुवासिनी लोक तुमच्या हातून घालणार नाय." माय मणी परत पुडीत भरू लागली. शेठच पुढे म्हणाले, "तुमची पोरगी आहे ना. कुवार पोरीचा हात चालतो. तिला बसवा पुढे."

आता बघा या शहाणपणाकडे. तोच हात, तीच बाई, सकाळी तिने पाडलेला मणी पवित्र आणि दुपारी तिने मारलेली गाठ अपशकुनी. कालपर्यंत तिने ओवलेल्या पोती तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात होत्या, त्या काही कुणी काढून टाकल्या नाहीत. चौदा दिवसांत तिच्या बोटांत काय बदललं होतं? तिचा नवरा गेला होता, एवढंच. म्हणजे जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तिलाच आणखी दंड. हे मी शेठला तेव्हा विचारू शकले नाही, परकरातली पोर होते. आज विचारते आहे तर ऐकायला शेठ नाहीत.

तर पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये दार नव्हतं, तिथे मायने गोणपाटाचा पडदा लावला. पुढे मी, मागे माय. बाई आली की ओट्यावर टेकायची. मी तिच्या हातून वाढलेली पोत ताटलीत घ्यायची, मणी मोजून दाखवायचे, आणि दोरा पिळायला म्हणून पडद्याआड जायचं. ओवायला मी बाहेर बसले असते तरी उपयोग नव्हता, कारण देवाने मला मायचे डोळे दिले, तिचे हात दिले नाहीत. माझ्या बोटांना घाम यायचा, दोरा मऊ पडायचा, वाट्या उलट्या बसायच्या. पडद्याआड माय तयारच असायची. ती ओवायची, मी शेजारी बसून बाहेरच्या बाईशी मोठ्याने गप्पा मारायची, म्हणजे माझा आवाज चालू राहील. झालं की मी पोत ताटलीत घालून, हळदीकुंकू वाहून बाहेर न्यायची. बाई ती डोळ्यांना लावायची, गळ्यात घालायची आणि म्हणायची, "पोरना हातमा गुण शे, बरं!"

मला आधी वाटायचं की आपण या बायकांना फसवतो आहोत. मग महिन्या-दोन महिन्यांनी एक म्हातारी ओट्यावर बसल्या बसल्या, मी तिच्या समोर उभी असताना, माझ्या डोक्यावरून पडद्याकडे बघत म्हणाली, "ए पोरी, वाट्या जराश्या खाले येऊ दे बरं. मागला खेपले वर ऱ्हायी गयात." माझ्याशी बोलत होती, पण इतक्या मोठ्याने, की मी काय बहिरी होते? आणि पडद्याआड मायच्या बांगड्यांविना हातांतल्या मण्यांचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. वाट्या खाली आल्या. त्या दिवशी मला कळलं की सगळ्यांना ठाऊक आहे. एकूण एक बाईला ठाऊक आहे. त्यांना मायचा हात हवा होता, फक्त तो दिसायला नको होता. फसवत आम्ही नव्हतो, त्याच सगळ्या मिळून आम्हाला एका खेळात बसवून मोकळ्या झाल्या होत्या, आणि खेळ मोडला तर दोष कुणाचा ठरणार हेही ठरलेलं होतं. मायला हे माझ्या आधी कळलं असणार. पोत ओवून झाली की हात धुवायची आणि दिव्याकडे वळायची.

असं पाच वर्षं चाललं. मग अनसाबाई पाटलिणीच्या घरचं लग्न आलं. अनसाबाई गावातलं मोठं प्रस्थ, पाटलांची बायको, आणि आमच्या ओट्यावर वर्षातून दोनदा तरी येणारी. तिच्या मुलाची हळद होती, आणि नेमकी जात्यावर हात ठेवताना तिची पोत खुंट्याला अडकून वाढली. घरात पाहुणे, अंगणात वाजंत्री, आणि वरमाय पोतीशिवाय. माणूस धावत आमच्याकडे आला, पोरीला लगेच पाठवा. मी एकटी जाऊन काय करणार? मायने दोऱ्या-मेणाचा डबा घेतला, डोक्यावरून पदर ओढला आणि माझ्यामागे निघाली. पाटलांच्या वाड्याच्या मागल्या दाराने आम्ही शिरलो. अनसाबाईने मायला बघितलं, हेही मी शपथेवर सांगते. बघितलं आणि मानेनेच गोठ्याकडे खूण केली. माय गोठ्यात म्हशीच्या दावणीजवळ बसली, मी ताटली घेऊन इकडून तिकडे.

मांडवात खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांचा वास येत होता, बायका गात होत्या, सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात अनसाबाईची नणंद, भडगावची, ही पोर पोत घेऊन गोठ्यात कसाले जास ते बघायला म्हणून माझ्यामागे आली. तिला आमच्या गावचा खेळ ठाऊक नव्हता. तिने बघितलं आणि जी किंचाळली! "देखा व बायासहो, देखा! सवाशीननी पोत रांडमुंड बाईना हातमा!" गाणं थांबलं. सगळ्या गोठ्याच्या दाराशी. मायच्या हातात अर्धी ओवलेली पोत, वाट्या अजून बसायच्या होत्या. मी अनसाबाईकडे बघितलं. मला खरंच वाटलं की ती म्हणेल, जाऊ द्या, आमच्याकडे असंच असतं. आणि ती बाई, जिने पाच वर्षं पडद्याकडे तोंड करून मला गाठी कशा मारायच्या ते सांगितलं होतं, ती कपाळावर हात मारून म्हणाली, "माले काय ठाऊक व माय! मी ते पोरना हातमा दिन्ही व्हती!"

पोत मायच्या हातून हिसकावली. मणी शेणात सांडले. वाट्या दुधाने धुतल्या, गोमूत्राने धुतल्या. कुणीतरी मायला म्हणालं की चार जणींसमोर कबूल कर, तू फसवलंस. माय उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकनं मनं." तिथे माझं डोकं फिरलं. मी अठरा वर्षांची होते, आणि पाच वर्षांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी ओरडले, "काय चुकनं? पाच वर्षं झायात, पाटलीनबाई, तुम्हना गळामा मनी मायनाच हातनी पोत शे! पाटील आबा त्या काय, ओसरीवर सुपारी कातरी ऱ्हायनात! काय झायं त्यासले?"

सगळ्या बायकांनी एकदम ओसरीकडे बघितलं. पाटील आबांचा अडकित्ता हातातच थांबला. आणि मग असा एक आवाज उठला की मी काहीतरी भलतंच बोलले आहे हे मला तेव्हाच समजलं. जिवंत माणसाच्या जिवाचा असा हिशोब कुणी उघड काढत नाही आमच्याकडे, त्यातून शुभकार्यात, त्यातून विधवेच्या लेकीने. मायने वळून माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. मग माझा दंड धरून तिने मला मागल्या दाराने बाहेर काढलं. जेवणाला कुणी थांबवलं नाही. मांड्यांचा तो वास मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्यामागे येत होता, आणि मी सकाळपासून उपाशी होते.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले की खरं बोलल्याबद्दल मारलंस. ती म्हणाली, "त्या मानूसना जीवनं नाव काढं तू चारचौघीस्मा. काही व्हई गयं ते कोनावर येई?" तिला माझ्या गालाची फिकीर नव्हती, तिला पाटलाच्या तब्येतीची फिकीर होती. महिनाभर ती बाजारात दिसेल त्याला पाटील आबांची खुशाली विचारायची. आबा पुढे चांगले ऐंशीच्या घरात जाऊन, नातसुनेच्या हातचं खाऊन वारले. तेव्हा मात्र कुणी आमच्याकडे येऊन सांगितलं नाही की अक्का, तुमच्या हाताला बाध नव्हता.

ओटा चार महिने रिकामा राहिला. त्या चार महिन्यांत रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. आम्ही जगलो ते त्या डोंगराकडच्या बायकांवर. त्यांना मायच्या कपाळाशी देणंघेणं नव्हतं, त्या मणी दाताने चावून बघत आणि घेत. मग एकेक करून ओट्यावरच्या बायका परत आल्या. येणारच होत्या. धुळ्याला नायलॉनच्या दोऱ्यात ओवून घेतलेल्या पोती मानेला टोचायच्या आणि महिन्यात सुटायच्या. सगळ्यांत शेवटी अनसाबाई आली. ओट्यावर बसली, हळकुंड चाचपलं, ताटली माझ्याकडे सरकवली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "वाट्या सरळ बसाड व, पोरी." मी ताटली उचलून पडद्यापाशी गेले, आणि तिथून वळून ती तिच्या अंगावर भिरकावणार होते. पडद्याआडून मायचा हात आला आणि त्याने ताटली आत ओढून घेतली. अनसाबाईने तो हात बघितला, मी तिला बघताना बघितलं, आणि ती गल्लीतल्या शेळीकडे बघू लागली.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा धरणगावचा, जिनिंगमध्ये कामाला. माझी सासू बघायला आली तेव्हा मी मनात भांडणाची तयारी करूनच चहा नेला होता. ठरवलं होतं, माझी पोत माय ओवेल, पडदा काढून, ओट्यावर बसून, आणि सासरच्यांना ते चालत नसेल तर लग्न नको. पण भांडायची वेळच आली नाही. सासूने चहा संपवला, स्वतःच्या गळ्यातली पोत बोटावर घेतली आणि मायला म्हणाली, "बाई, पोरनी पोत तुम्हीच ओवा. मनी भी तुम्हना हातनीच शे. बहीनकडे उनू व्हती तवय पडदामांगे ओयी व्हती तुम्ही. माले तवय भी ठाऊक व्हतं." इतक्या वर्षांत हे वाक्य मोठ्याने बोललेली ती पहिली बाई. मला रडूच आलं. मी मायकडे बघितलं, वाटलं तीही रडत असेल. माय म्हणाली, "नही. मी ओवनार नही."

मला वाटलं संकोचाने म्हणते आहे. सासू गेल्यावर मी तिच्यामागे लागले. त्या चैत्रात तिने माझ्यासाठी म्हणून वेगळे मणी पाडले होते, इतके एकसारखे की तारेवर ते एकच रेघ दिसायचे. मणी तुझे, मग दोरा का नको? ती दिव्याची वात कातरत बसली. मी चिडून म्हणाले, "इतली बायास्ना पोती ओयात तू. तवय चालना तुना हात?"

"तवय पोट व्हतं," माय म्हणाली. "आते तू शेस."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे तुले भी खरं वाटस?" मी विचारलं. ती म्हणाली, "माले काय ठाऊक. आनि खरं निंघनं ते?" मग हळूहळू, वातीकडे बघत तिने सांगितलं की दर पोतीला ती आमच्या खानदेशच्या देवीचं, कानबाईचं नाव घ्यायची. म्हणायची, मना हात नको देखू, तिना नवरा देख. पाच-सहा वर्षं, प्रत्येक गाठीला. मी म्हणाले, मग माझ्या वेळी पण घे नाव. ती म्हणाली, "तुना येळे तितली हिंमत नही मनी."

त्या दिवशी मी तिच्याशी जितकी भांडले तितकी पाटलांच्या गोठ्यातही भांडले नव्हते. गावाने तिला अपशकुनी ठरवलं याचा राग मी सहा वर्षं उराशी बाळगला होता, आणि माय आतून गावाच्याच बाजूला बसलेली निघाली. गोणपाटाच्या आड बसून तिने भीत भीत परक्या बायकांचे नवरे सांभाळले होते, आणि स्वतःच्या लेकीपुढे तिचे हात गळाले. शेवटी पोत मीच ओवली. ती समोर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि तोंडाने सांगत राहिली, दोरा ओढ, ढिला सोड, आता गाठ. माझ्या बोटांना घाम आला. एक वाटी वाकडी बसली. तिला ती दिसली, तिची नजर तिथेच अडकली होती, पण मांडीखालचा हात बाहेर आला नाही. तशीच वाकडी वाटी गळ्यात घालून मी धरणगावला आले.

लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, माझ्या नवऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. आत सहा जण होते. तो बाहेर आला, एक दंड भाजला, बाकी धडधाकट. खबर कळताच माय मिळेल त्या गाडीने आली. त्याला खाटेवर बसून वरणात भाकरी कुस्करताना बघितलं, दारातच खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती त्याला जेवताना बघत राहिली. मग उठून माझ्यामागे चुलीपाशी आली. माझे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले, भाजल्याचे बारीक डाग पडलेल्या त्या हातांत, आणि इतक्या आनंदाने, जन्मभराचं बक्षीस मिळाल्यासारखी हळूच म्हणाली, "देखं? मी हात नही लावा व्हता."

तिच्या तोंडावर असं समाधान मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. मला गावाचा राग आला, शेठचा आला, अनसाबाईचा आला, तिचाही आला, आणि तरी मी माझे हात तिच्या हातांत तसेच राहू दिले.